युद्धकैद्यांचं प्रदर्शन : कुठे आवाज, कुठे पडदा, कुठे काहीच नको?

पडद्यामागची | १२ जून, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी प्रायोगिक नाटकांची प्रकाशयोजना करते, अधूनमधून प्रदर्शनांचीही कामं घेते. सध्या हातात आलेलं काम जरा वेगळं आहे, म्हणून धागा काढतेय.

डेक्कनजवळच्या एका हॉलमध्ये ऑगस्टात युद्धकैद्यांवर प्रदर्शन आहे. करणारी मंडळी हौशी, पण अभ्यासू. पुण्याशी किंवा महाराष्ट्राशी धागा जुळणाऱ्या कैद्यांपुरता विषय ठेवलाय. १९१६ साली मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) कूतला तुर्कांना शरण गेलेली ब्रिटिश हिंदी सैन्याची सहावी पूना डिव्हिजन. बर्लिनजवळच्या छावणीतली हिंदी सैनिकांची ध्वनिमुद्रणं. जून १९४२ मध्ये लिबियातलं तोब्रुक पडलं तेव्हा पकडली गेलेली पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन. त्याच वर्षी ऑगस्टात आगाखान पॅलेसमध्ये ठेवलेले गांधीजी, कस्तुरबा, महादेवभाई (ते शिपाई नव्हेत, पण युद्धकाळातली कैद ती कैदच). आणि १९७२ मध्ये रावळपिंडीच्या छावणीतून भिंत फोडून निघालेले भारतीय वायुदलाचे वैमानिक दिलीप पारुळकर, ग्रेवाल आणि हरीश सिंहजी.

अडचण अशी की मांडायला वस्तूच नाहीत. कैद्याच्या अंगावरचं पहिल्याच दिवशी काढून घेतात, मागे काय उरणार? म्हणून आयोजकांचं म्हणणं, सगळी भिस्त एव्हीवर, म्हणजे पडदा आणि आवाजावर, ठेवू. एका प्रायोजकाने प्रोजेक्टर देऊ केलेत. आता यादीत आहे : भिंतभर वाळवंट, तोफांचे आवाज, धूर, व्हीआरच्या चष्म्यातून 'कैदेचा अनुभव', एआयने बोलतं केलेलं एका शिपायाचं छायाचित्र, आणि वरून भारदस्त निवेदन. मला धडकी भरलीय. नाही कशाला म्हणायचं आणि का म्हणायचं, हे तुमच्याकडून ऐकायचंय. तंत्राचं कळणारे आणि न कळणारे, दोघंही लिहा.

---

कसबापेठी | १२ जून, रात्री १०.०५

भारदस्त निवेदन म्हणजे "आणि मग... तो काळा दिवस उजाडला!" हेच ना? ताई, हा गणपतीच्या हलत्या देखाव्यांचा वारसा आहे. अफझलखान वध असो की प्लेगचा रँड, आवाज तोच, मागची सनई तीच, शेवटी लाल दिवा लागतो आणि गर्दी पुढे सरकते. देखाव्याला शोभतं ते. मी लहानपणापासून रांगेत उभा राहून बघतोय, नावं ठेवणार नाही. पण देखाव्यात दर पाच मिनिटांनी कोणीतरी जिंकतं. कैदेत तसं काही घडत नाही.

---

निवृत्त_हवालदार | १२ जून, रात्री १०.५२

तोफा नकोत. माणूस पकडला जातो तेव्हा लढाई संपलेली असते. त्याच्यापुरती तरी. गोळीबार ऐकवलात तर बघणारा लढाई बघून घरी जाईल, कैद त्याला दिसणारच नाही.

मी स्वतः कैदेत नव्हतो, पण आमच्या युनिटमध्ये जुनी माणसं होती त्यांच्याकडून ऐकलंय. सकाळची गिनती, संध्याकाळची गिनती. आकडा जुळला नाही तर पुन्हा उभे. भाकरीचे तुकडे करताना सगळ्यांच्या नजरा सुरीवर. पत्र कधी येणार, आलं तर कोणाचं. आवाज हवाच असेल तर गिनतीचा ठेवा. एक, दो, तीन, चार. मधेच थांबून पुन्हा एकपासून.

---

पडद्यामागची | १२ जून, रात्री ११.१०

हवालदारसाहेब, वाक्य उचललंय. उद्याच्या मीटिंगला तेच घेऊन जाते.

---

अभिलेखी | १३ जून, सकाळी ८.१५

बर्लिनच्या ध्वनिमुद्रणांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण प्रदर्शनाचा कणा तिथेच आहे असं मला वाटतं.

पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर पकडलेल्या हिंदी सैनिकांना जर्मनांनी बर्लिनच्या दक्षिणेला व्यून्सडॉर्फच्या 'अर्धचंद्र छावणी'त ठेवलं. मुसलमान कैद्यांना आपल्या बाजूला वळवायचं म्हणून १९१५ मध्ये तिथे लाकडी मशीदही बांधली. मग प्रशियाच्या सरकारने 'फोनोग्राफिक कमिशन' नेमलं. भाषातज्ज्ञ, संगीततज्ज्ञ, मानववंशशास्त्रज्ञ छावण्याछावण्यांतून फिरले. विल्हेल्म डोगेन ग्रामोफोनच्या तबकड्या करायचा, संगीतवाले मेणाच्या नळकांड्यांवर गाणी घ्यायचे. कमिशनच्या तबकड्याच सोळाशेच्या वर आहेत. आज त्या बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठाच्या ध्वनिसंग्रहात आहेत.

पद्धत अशी. काय बोलायचं ते आधी लिहून ठरवायचं, तालीम करायची, मग कैद्याला भोंग्यासमोर उभं करायचं. सोबत एक फॉर्म : नाव, वय, गाव, धंदा, वाचता येतं का. अभ्यासकांना भाषेचा नमुना हवा होता, माणसाचं म्हणणं नको होतं. तरी माणसं त्यातून निसटलीच. ११ डिसेंबर १९१६ ला मल्लसिंग नावाच्या पंजाबी शिपायाने जे सांगितलं ते स्वतःबद्दल, पण तिसऱ्या पुरुषात. एक माणूस होता, हिंदुस्थानात लोणी खायचा, लढाईला आला, जर्मनांनी पकडला, त्याला घरी जायचंय, आणखी दोन वर्षं इथे राहिला तर मरेल, अशा आशयाचं. दीड मिनिटाच्या आतबाहेर. कुठे रडणं नाही, चढउतार नाही.

हे ऐकवायचं तर भोवती काहीही नको. ना चित्र, ना संगीत. भिंतीवर ओळी, बाजूला तो फॉर्म, बस.

---

साउंडवाला_नाना | १३ जून, सकाळी ११.३०

अभिलेखींना जोडून. कोणीतरी उत्साहाच्या भरात ते रेकॉर्डिंग 'साफ' करायला घेईल, त्याला अडवा. हल्ली एका बटणावर खरखर जाते, पण तिच्याबरोबर श्वासही जातो आणि आवाज प्लास्टिकचा होतो. त्या काळी बर्लिनच्या मेणाच्या नळकांड्यांवर सुरुवातीला पिच-पाइपचा एक सूर फुंकून घ्यायचे, म्हणजे पुढे कोणीही वाजवलं तरी वेग बरोबर जुळवता यावा. असा सूर असलेलं एखादं मिळालं तर कापू नका. तो सूर ऐकला की समजतं, खोलीत आणखी कोणीतरी उभं होतं आणि घड्याळ त्याच्या हातात होतं.

आता व्यवहाराचं. ऑगस्ट, डेक्कन. नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव संध्याकाळी सुरू झाला की तुमच्या हॉलमधला हळू आवाज गेलाच म्हणून समजा. उघडा स्पीकर लावलात तर तो ढोलाशी झुंजवावा लागेल, आणि एका खोलीतला आवाज दुसऱ्या खोलीत सांडेल. चार खोल्या, चार लूप, आणि मधोमध उभा राहिलेला माणूस चारही ऐकतोय, म्हणजे काहीच ऐकत नाहीये.

दिशादर्शक स्पीकर येतात, अल्ट्रासाउंडवर चालणारे. टॉर्चच्या झोतासारखा आवाज एका जागी पडतो. ऐकायला भारी वाटतं, पण खर्ज जवळजवळ नसतोच, आणि समोर काच किंवा ओली-पॉलिश फरशी असली की आवाज उसळून भलतीकडे जातो. शंभर वर्षांच्या तबकडीला खर्ज नसतोच म्हणा, तिथे चालून जाईल. पण हॉलची फरशी बघून सांगतो.

स्वस्त आणि मस्त उपाय : जुन्या टेलिफोनसारखा रिसीव्हर. उचलला की सुरू, ठेवला की बंद. एका कानाला धरायचा, दुसरा कान मोकळा. मुख्य म्हणजे ऐकायचं की नाही हे माणूस स्वतः ठरवतो. वायर मात्र स्टीलच्या वेष्टणाची घ्या. शाळेची एक सहल आली की साधी वायर उपटून हातात येते.

---

नवा_गडी | १३ जून, दुपारी १.०५

सगळेच इतके गंभीर झालात म्हणून उलट बाजू मांडतो. वय २३. माझ्या वयाची किती मुलं भिंतीवरच्या ओळी वाचायला थांबणार आहेत? तुमच्यासारखी ठरलेली पन्नास माणसं येतील, वहीत 'स्तुत्य उपक्रम' लिहून जातील. व्हीआर म्हटलं की लगेच नाकं मुरडायची, पण पारुळकरांचं पलायन बघा ना. भिंतीच्या विटा सैल करत आणलेलं भोक, रात्र, पेशावरपर्यंतचा प्रवास, मग खैबर खिंडीतलं लंडी कोतल. अफगाण सरहद्द हाकेवर असताना लंडी खान्याची चौकशी केली आणि तिथेच संशय आला, कारण ते स्टेशन १९३२ पासूनच बंद होतं. ब्रिटिशांच्या वेळच्या नकाशाने घात केला. ही गोष्ट चष्मा लावून अनुभवली तर कोण विसरेल?

आणि जगात होतंय की. अमेरिकेत शोआ फाउंडेशनने छळछावण्यांतून वाचलेल्यांच्या मुलाखती अशा घेतल्यात की समोरच्या पडद्यावरच्या माणसाला तुम्ही प्रश्न विचारायचा आणि तो उत्तर देतो. ते चालतं, मग आपण केलं की देखावा?

---

कसबापेठी | १३ जून, दुपारी १.२०

नव्या गड्याला 'स्तुत्य उपक्रम'साठी +१. पुण्यातल्या अभिप्राय-वहीत दुसरा शब्द सापडला तर बक्षीस.

---

पडद्यामागची | १३ जून, दुपारी ३.४५

नव्या गड्याचा मुद्दा मी झटकणार नाही. मुलं थांबत नाहीत हे खरंय. लंडी खान्याचा तपशील तर आमच्या टीमलाही माहीत नव्हता. त्यासाठी मोठा नकाशा जमिनीवर करायचा विचार सुरू झालाय. वरून प्रोजेक्शन, लोक त्यावरून चालतील, आणि बंद स्टेशनाच्या ठिपक्यावर पाय पडला की तो विझेल.

पण त्या अमेरिकन प्रकल्पातली एक गोष्ट बघ. पिंचस गटर नावाचे गृहस्थ स्वतः स्टुडिओत दिवसचे दिवस बसले, शेकडो प्रश्नांची उत्तरं स्वतःच्या तोंडाने दिली, चारी बाजूंनी कॅमेरे लावून. तुम्ही प्रश्न विचारता तेव्हा त्यांनीच दिलेलं उत्तर शोधून दाखवलं जातं, नवं काही बनवलं जात नाही. आमच्याकडे ज्या शिपायाचं छायाचित्र एआयने बोलतं करायचं म्हणतायत तो कधीच काही म्हणाला नाही. त्याच्या तोंडी वाक्यं आयोजकांची. नाटकात मी हे रोज करते, पण तिथे प्रेक्षकाने तिकीट काढताना मान्य केलेलं असतं की समोर नट आहे.

होलोग्रामचंही तेच. आपल्याकडे ज्याला होलोग्राम म्हणतात तो बहुतेक वेळा 'पेपर्स घोस्ट' असतो : तिरकी काच आणि लपवलेला उजेड, लंडनमध्ये १८६२ पासून चालत आलेली नाट्यगृहातली युक्ती. मला करायला अर्धा दिवस लागेल. कस्तुरबांची आकृती काचेवर तरंगवा अशी सूचना एका मीटिंगमध्ये आली होती. खरा पॅलेस येरवड्याच्या बाजूला आजही उभा आहे, समाध्या तिथे आहेत. महादेवभाई अटकेनंतर सहाव्या दिवशी, १५ ऑगस्ट १९४२ ला गेले. कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ ला. मी म्हणाले, लोकांना रिक्षा करून तिकडे पाठवा, माझ्या काचेची काय गरज?

---

कायदेकानू | १३ जून, संध्याकाळी ६.३०

एक बाजू कोणी मांडली नाही. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराचं कलम १३ : युद्धकैद्यांना अपमानापासून आणि लोकांच्या कुतूहलापासून संरक्षण मिळालं पाहिजे. १९२९ च्या करारातही हे होतं. म्हणूनच पकडलेल्या सैनिकाचे व्हिडिओ टीव्हीवर फिरवले की आक्षेप घेतला जातो.

शंभर वर्षांपूर्वीच्या फोटोंना ते कलम थेट लागू होईल असं म्हणत नाही. पण हेतू बघा. छावणीतले बरेचसे फोटो पकडणाऱ्यांनी काढलेत. रांगेत उभे केलेले, कधी डोक्याची मापं घेण्यासाठी. तो फोटो दहा फुटांचा करून भिंतीवर टाकणं म्हणजे ज्याने काढला त्याचंच काम पुढे नेणं. माझं मत : असे फोटो मूळ आकारात, फोटो कोणी आणि कशासाठी काढला ते खाली लिहून. उघड्या अंगाचे, हाडांचे सापळे झालेले फोटो असतील तर झाकणाखाली. ज्याला बघायचं तो उचलून बघेल.

---

बाईंचा_तास | १३ जून, रात्री ८.१०

आठवी-नववीची मुलं मी घेऊन येणार, म्हणून लिहिते.

अचानक मोठा आवाज आणि झपकन काळोख, हे दोन्ही नको. एका संग्रहालयात असल्या बोगद्यात माझी एक मुलगी थिजून गेली होती, बाहेरच येईना. दाराशी सरळ पाटी लावा, आत काय ऐकू येईल. प्रत्येक ध्वनीला मराठीत ओळी हव्यातच, मोठ्या टायपात. ऐकू कमी येणारे आजोबा तुमचे निम्मे प्रेक्षक असणार. बसायला बाक. आणि लहान मुलांच्या उंचीला एक तरी रिसीव्हर.

मुलं वाचत नाहीत हे मात्र मला पटत नाही. लांबलचक फ्लेक्स वाचत नाहीत. चार ओळी आणि एक खरं नाव असेल तर वाचतात, वर विचारतात, मग पुढे त्याचं काय झालं?

---

सातारारोड | १४ जून, पहाटे ५.५०

बरेच वर्षांनी लिहितोय इथे. आमच्या घरात कूतचा माणूस आहे. पणजोबांचा धाकटा भाऊ, ११० वी मराठा. फोटो नाही. पत्र नाही. आहे ते फक्त, युद्धात गेलेल्यांच्या घरी ब्रिटिश सरकारने पाठवलेलं, पितळी दिसणारं कांस्याचं गोल चकतं, तळहातापेक्षा मोठं, ब्रिटानिया आणि सिंह कोरलेले. चौकटीत नाव उठावाच्या अक्षरांत, हुद्दा नाही. ते सगळ्यांनाच बिनहुद्द्याचं दिलं होतं, जनरल असो की शिपाई. आजीला त्यावरचं इंग्रजी वाचता येत नसे. नावावरून बोट फिरवून ती ते ओळखायची, त्यामुळे तेवढा भाग गुळगुळीत झालाय.

कूतला १४७ दिवस वेढा. शेवटी घोड्याचं मांस. ते खायला आपली पुष्कळ माणसं बराच काळ तयार नव्हती. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे तेरा हजार माणसं शरण गेली. जनरल टाऊनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला. शिपायांना वाळवंट तुडवत रास-अल-ऐनच्या बाजूला रेल्वेच्या कामावर नेलं. हजारो परत आले नाहीत. आमचाही नाही.

दोन गोष्टी मागतो. एक, आमच्या माणसाच्या नावाने पेठेतला आवाज लावू नका. तो जावळीच्या बाजूचा होता. त्याचा आवाज कसा होता हे आम्हालाच माहीत नाही, तुम्हाला कुठून माहीत असणार? दोन, चकतं द्यायला तयार आहे, पण काचेत बंद करू नका. लोकांनी बोट फिरवलं तर आजीला आवडलं असतं.

---

अभिलेखी | १४ जून, सकाळी ९.००

सातारारोड, तुमचा पहिला मुद्दा फार रास्त आहे. पहिल्या महायुद्धातल्या हिंदी सैनिकांच्या पत्रांचा मोठा भाग आज सेन्सॉरने केलेल्या इंग्रजी उताऱ्यांतच उरलाय. तो उलटा मराठीत आणून नटाकडून गहिवरून वाचून घेतला की ऐकणाऱ्याला वाटतं, हेच ते पत्र. सपाट वाचा, आणि 'सेन्सॉरच्या इंग्रजीवरून' हे त्याच आवाजात सांगा.

अंदमानच्या सेल्युलर जेलमधला प्रकाश-ध्वनी कार्यक्रम ज्यांनी पाहिला असेल त्यांना आठवेल, तिथे गोष्ट सांगायचा तो अंगणातला पिंपळ. ओम पुरींचा आवाज. कार्यक्रम भव्यच होता, पण कैद्याच्या तोंडी वाक्यं घालण्यापेक्षा झाडाच्या तोंडी घातली, हे मला शहाणपणाचं वाटतं.

आणि मोठ्या प्रोजेक्टरसाठी काम सुचवतो. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर माहीत नसलेल्यांसाठी बसऱ्याला स्मारक आहे, चाळीस हजारांहून अधिक माणसांचं. त्यातल्या हिंदी अधिकाऱ्यांची नावं भिंतीवर कोरली. साध्या हिंदी शिपायांची नाहीत, त्यांचा फक्त पलटणवार आकडा. नावं आहेत ती यादीत. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्जच्या संकेतस्थळावर ती शोधता येतात, पुष्कळदा वडिलांचं नाव आणि गावासकट. जे दगडावर आलं नाही ते भिंतीवर उजेडाने लिहा. देवनागरीत, एकेक.

---

साउंडवाला_नाना | १४ जून, सकाळी ९.४०

हे जमतंय. एका नावाला चार सेकंद धरले तर हजार नावांना तास-सव्वा तास. कोणी पूर्ण बघणार नाही, न बघू दे. लूपही नको, दुसऱ्या दिवशी जिथे थांबलं तिथून पुढे. आवाज शून्य, ढोल वाजेनात का बाहेर. फक्त प्रोजेक्टर लेझरचा घ्या, दिव्याचा दिवसभर चालवलात तर मान टाकेल. आणि प्लेयर असा हवा की लाइट जाऊन आली तरी आपोआप सुरू होईल. नाहीतर भिंतीवर निळा पडदा आणि 'नो सिग्नल', तोही नावांच्या खोलीत.

---

नवा_गडी | १४ जून, सकाळी १०.२०

नावांचं मान्य. गावावरून शोधायची सोय एका टचस्क्रीनवर द्या, मी कोड लिहून देतो, फुकट. माझ्या गावाचं कोणी निघतं का ते बघायला मी स्वतः येईन. व्हीआरबद्दल माझं मत बदललेलं नाही, पण या बजेटमध्ये ते तसंही भिकार झालं असतं.

---

पडद्यामागची | १६ जून, रात्री ११.३०

मीटिंग झाली, तीन तास. तोफा, धूर आणि बोलका फोटो गेले. हवालदारसाहेबांचं वाक्य वाचून दाखवल्यावर त्यावर फारशी चर्चाच झाली नाही. निवेदन पूर्ण गेलं नाही. प्रवेशाशी दोन मिनिटांचं राहतंय, पण संगीताशिवाय, आणि आवाज भारदस्त नसेल याची जबाबदारी माझी. नावांची भिंत मंजूर. जमिनीवरचा नकाशा मंजूर, खर्च बघून. फोटो मूळ आकारात, यावर प्रायोजक नाराज आहेत. 'मग आमचे प्रोजेक्टर कशाला?' असं म्हणाले. त्यांच्याशी पुन्हा बोलायचंय.

गिनतीची खोली मी करतेय. रिकामी, मधोमध फक्त चौकोन आखलेला. चार कोपऱ्यांत चार लहान स्पीकर, आकडा एकाकडून दुसऱ्याकडे फिरत जातो, कधी सव्वीसवर अडतो, कधी एकतीसवर, आणि परत एक. हवालदारसाहेब, आवाज तुम्ही आणि तुमच्या मित्रांनी द्यावा अशी विनंती. स्टुडिओ नको, हॉलमध्येच घेऊ, सकाळी सातला, रहदारी सुरू व्हायच्या आत.

सातारारोड, चकत्याबद्दल मी अजून भांडतेय. लोकांच्या बोटांनी आणखी झिजेल, असं आमच्यातल्या संवर्धन शिकलेल्या मुलीचं म्हणणं. प्रतिकृती करून ती हाताळायला ठेवावी, मूळ चकतं शेजारी. तुम्हाला चालेल का?

---

निवृत्त_हवालदार | १७ जून, सकाळी ६.०५

येतो. चौघं आहोत. सातला म्हणजे सातला.

---

सातारारोड | १७ जून, सकाळी ७.३०

प्रतिकृती नको. झिजू दे.

---

साउंडवाला_नाना | १७ जून, सकाळी ८.१५

माइक मी आणतो. हॉलचा वॉचमन पावणेसातला कुलूप उघडेल ना, तेवढं आदल्या दिवशी विचारून ठेवा. आणि पंखे बंद करायचा स्विच कुठे आहे तेही.